सहाव्या जॉर्जचं नाक

दुसऱ्या महायुद्धातले चांदीचे रुपये जमवायचे म्हणताय? झकास. फक्त एक पथ्य पाळा: नाणं ओळखायला शिकू नका. आजीच्या डब्यात सापडलं, वर इंग्रजांच्या राजाचं, सहाव्या जॉर्जचं मुंडकं आहे, फरशीवर टाकलं की खणखणतं, एवढं पुरे. कोणी शंका काढलीच तर 'कलदार आहे, कलदार!' (म्हणजे टांकसाळीत यंत्रावर पाडलेला अस्सल रुपया) असं दरडावून सांगा.

आता एखादा चोंबडा म्हणेल की, 1940 पासून त्या रुपयात निम्मीच चांदी आहे. आधी बारातले अकरा भाग चांदी असायची, मग सरकारनेच ती पन्नास टक्क्यांवर आणली. बाकी 40 टक्के तांबं आणि वर थोडं निकेल, थोडं जस्त. अशा माणसाला चहा पाजून वाटेला लावा. लढाईच्या बातम्या येऊ लागल्या तशी लोकांनी नाणी मडक्यात पुरली, जून 1940 मध्ये सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी बाळगणं गुन्हा ठरवलं, एक रुपयाची नोट काढली, पुढे अमेरिकेकडून 22.6 कोटी औंस चांदी उसनी आणली. हा सगळा इतिहास ऐकत बसलात तर तुमचा तोळाभर वजनाचा रुपया (11.66 ग्रॅम, हो) डोळ्यांदेखत अर्ध्या तोळ्याचा होईल. कशाला जिवाला घोर?

मुख्य कार्यक्रम लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. नाणं काळवंडलेलं आहे? शिव शिव! ऐंशी वर्षांत धरलेला तो करडा-निळसर थर, ज्यासाठी जाणकार जादा पैसे मोजतात, तो पाच मिनिटांत उतरवता येतो. चिंच घ्या, रांगोळी घ्या, तारेची घासणी घ्या आणि दात ओठ खाऊन घासा. आमच्या मावशीने दर दिवाळीला असा एक रुपया घासला. आता सहाव्या जॉर्जला नाक नाही, भुवई नाही, आणि गालाच्या उंचवट्यावर आतलं तांबूस अंग डोकावतंय. मावशी म्हणते, 'बघ कसा लकाकतोय!' खालच्या अंगाला टांकसाळीची खूण होती. ठिपका किंवा पत्त्यातल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, एल असेल तर लाहोर. तीही गेली. बरंच झालं, फाळणीचा वाद तरी मिटला. कडेच्या दात्यांमधून फिरणारी खाच, जी खोटी नाणी पाडणाऱ्यांना अडवायला मुद्दाम काढली होती, ती तेवढी शिल्लक आहे. पुढच्या दिवाळीला बघू.

खरेदीला रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जा. 1939 चा रुपया दुर्मीळ, हे तुम्ही कुठेतरी वाचलेलं असणारच. तिथे तो ढिगाने मिळेल, तोही कोरा करकरीत. पाच घ्या, घासाघीस करू नका, पावती तर मुळीच मागू नका.

विकायचं म्हणाल तर मोबाईलवर जाहिरात येतेच: जुन्या नाण्याला लाखो रुपये, आधी नोंदणी फी भरा. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच सावध केलं होतं. पण बँकेचं काय ऐकायचं, तिला तुमची भरभराट बघवत नसेल.

आणि संग्रहाचा मानाचा तुरा म्हणून 1947 चा वाघछाप रुपया ठेवा, 'राजाची शेवटची चांदी' असं सांगून. तो निकेलचा आहे. एखाद्या दिवशी धाकटा फ्रीजवरचं चुंबक काढून आणेल आणि वाघ टपकन चिकटेल. घाबरू नका. 'जुन्या चांदीला ओढ असते रे,' म्हणा आणि नाणं पुन्हा चिंचेत बुडवा.