खिडकीवर मिळेल ते मुकाट गिळा

ओपीडीत जायचं ठरलंच असेल तर सकाळी आठला केसपेपरच्या रांगेत उभे राहा. अकराच्या सुमारास डॉक्टर दिसतील, दीड मिनिट दिसतील. तेवढ्यात त्यांनी वाचता येईल असं लिहावं, ही अपेक्षा धरू नका. २०१६ पासून नियम आहे खरा, की औषधाचं मूळ नाव लिहा, सुवाच्य लिहा, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा. छान नियम आहे. फ्रेम करून भिंतीवर लावावा असा.

किडनीचा रिपोर्ट पिशवीतच ठेवा. उगाच कुणाला त्रास नको.

०.५ आणि ५ यांतला ठिपका माशीनं बसवला असेल, मनावर घेऊ नका.

नावांच्या बाबतीतही मन मोठं ठेवा. फाल्सिगो काय नि फाल्सिटॅब काय, दोन्ही मलेरियाचीच. एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन, एवढाच काय तो फरक. औषधांच्या नावांतलं असलं साम्य जास्त कडक नजरेनं तपासायला हवं, असं या जोडीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००१ सालीच सांगून ठेवलंय. कोर्टाला काय, बोलायला वेळ असतो.

आता महत्त्वाची सूचना. पाकिटावर पेनानं जे लिहिलंय ते ब्रह्मवाक्य माना. माझ्या आईनं मानलं. तिला आमवात. नव्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा दबते, माणसं दगावलीत यानं. कागदावर तिच्यापुढे 'डब्ल्यूके'सारखं काहीतरी गिरगटलेलं, आणि खाली फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाच्या गोळीपुढे ठळक 'ओडी', म्हणजे रोज एकदा. दोन्ही गोळ्या बारीक, पिवळ्या. पट्ट्या कात्रीनं कापलेल्या, नावाचा अर्धा तुकडा मागच्या पेशंटकडे गेलेला. औषधाच्या खिडकीतल्या दादांनी दोन्ही पाकिटांवर लिहिलं: १-०-०, म्हणजे रोज सकाळी एक.

आठव्या दिवशी आईची जीभ सोलून निघाली. चहासुद्धा गिळवेना. मी पाकिटं घेऊन धावलो. डॉक्टर म्हणाले, "मी वीकलीच लिहिलंय." खिडकी म्हणाली, "आम्हाला जे दिसतं ते देतो." आणि मग दोघांचं एकमत झालं: "पेशंटनं विचारायला नको का?"

विचारलं होतं! त्या सत्तरीच्या बाईनं खिडकीच्या गजाला धरून विचारलं होतं, "दादा, दोन्ही रोजच का?" आतून उत्तर आलं, "लिहिलंय ना त्याच्यावर. आजी, पुढे सरका."

बास झाला उपरोध.

डॉक्टरसाहेब, 'दर सोमवारी एक' एवढं मराठीत लिहायला किती शाई लागते हो तुम्हाला? दादा, वाचता येत नव्हतं तर अंदाज कसले बांधता, कागद परत का नाही पाठवलात? ती गोळी आहे, लॉटरीचं तिकीट नाही. आणि अधीक्षक महाशय, तीन खिडक्यांपैकी दोन बंद ठेवून एका माणसापुढे सगळी ओपीडी उभी करता, मग त्याची चूक होणार नाही तर काय होईल? तुम्ही बसा एक दिवस तिथे.

आई आता वॉर्डात आहे, पांढऱ्या पेशी अजून कमीच आहेत. तिच्या नव्या केसपेपरवर शेरा मारलात, 'पेशंटनं औषध चुकीचं घेतलं'. तो मात्र कसा स्वच्छ लिहिता आला? कॅपिटल अक्षरांत!