चित्रं विकत का नाहीस?

‘आवडीचंच काम करा, मग काम काम वाटणार नाही’ असं सांगणारे हल्ली फार झालेत. मला ते पटत नाही.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. रविवारी सकाळी पंचगंगा घाटावर जलरंग घेऊन बसतो. मागं उभा राहून बघणारा हमखास म्हणतो, “भावा, इकत का न्हाईस? चार पैसं सुटतील की!”

एकदा ओळखीतल्या एकांना पैसे घेऊन चित्र काढून दिलं. आभाळ निळं हवं, शिखर सोनेरी हवं. दिलं. त्यांचं काहीच चुकलं नाही; पैसे मोजणाऱ्याला हवं तेच मिळायला पाहिजे. वर्कशॉपात मी रोज तेच करतो. ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर असेल, तर मला २५.५ बरा दिसतो म्हणून चालत नाही. मन लागत नाही म्हणून डिलिव्हरीची तारीखही हलत नाही. घाटावर मात्र धुकं नसलं तर कोरा कागद गुंडाळायचा, मिसळ खायची, घरी यायचं. कुणाचं काही अडत नाही.

छंद कुठला आणि काम कुठलं, हे पगार कुठून येतो यावर ठरत नाही, बरं का. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. २०२४ साली पॅरिसला त्यानं ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं. नेमबाजी हा त्याचा छंद म्हणायची कुणाची छाती आहे?

आणि मूकपटांच्या काळातले आपले सिनेमावाले बाबूराव पेंटर. पोटासाठी नाटकांचे पडदे रंगवायचे, भाऊ आनंदरावांबरोबर सिनेमाचा कॅमेरा बनवायचा नाद. आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला. त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट आला. नादाचा धंदा झाला तशी धंद्याची सगळी लफडीही आली. १९२९ साली कंपनीतलेच शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर बाहेर पडले आणि त्यांची ‘प्रभात’ फिल्म कंपनी निघाली. बाबूराव थोरच, पण यातला ‘सैरंध्री’पर्यंतचाच भाग आपण पोरांना सांगतो.

भाचीच्या हातचे केक झकास होतात. घरचे मागं लागलेत, दुकान काढ म्हणून. मी तिला विचारलं, “रात्री अकराला फोन आला, सकाळी सातला तीन केक पाहिजेत, तर?”

“जादा पैसे लावीन, मामा.”

हिला जमेल.