श्नेलर शाळेबद्दलच्या त्या मेसेजचा खुलासा

लेबनॉनच्या बेका खोऱ्यातल्या श्नेलर शाळेबद्दल एक मेसेज फिरतोय: सीरियन युद्धाचं निमित्त साधून शाळा काढली, प्रवेश फक्त ख्रिस्ती मुलांना. दोन्ही गोष्टी साफ चुकीच्या आहेत.

खिरबेत कनाफार गावातली ही शाळा 1952 सालची. तिचं मूळ तर जेरुसलेमचं. 1860 साली लेबनॉन-सीरियात ख्रिश्चनांची कत्तल झाली, तेव्हा जर्मन मिशनरी योहान लुडविग श्नेलर तिथली नऊ पोरकी मुलं घेऊन आले आणि शहराच्या तटाबाहेरच्या आपल्याच घरात त्यांना ठेवलं. हाच तो ‘सीरियन अनाथाश्रम’. गोंधळ बहुधा या नावामुळेच झाला असावा.

शाळा ख्रिस्ती आहे, चर्चची आहे, हे कुणी लपवलेलं नाही. पण गरीब आणि मोडलेल्या घरांतली ख्रिस्ती व मुसलमान मुलं तिथल्या वसतिगृहात एकत्र राहतात, एकाच वर्गात बसतात. पुस्तकांबरोबर सुतारकाम, गाड्यांची दुरुस्ती असे हाताला काम देणारे धंदेही शिकवतात. 1975 ते 1990 एवढं यादवी युद्ध, तेही धर्माच्या नावानं, सोसलेल्या देशात हे चाललंय. कृपा करून तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.