जुना लेथ भंगारात घालण्याआधी मोजून तरी पाहा

घरी छंद म्हणून मशीनकाम करणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: जुना लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलने कापणारं मशीन) घेऊ नका, त्याचा बेड, म्हणजे ज्यावर टूलचा भाग सरकतो तो लांब पाया, झिजलेला असतो. हँडलला खेळ (मोकळी चाल) असेल तर मशीन संपलं. घरात थ्री फेज नाही, म्हणजे ते चालणारच नाही. त्यापेक्षा नवा मिनी लेथ घ्या, खोक्यातून काढला की काम सुरू. आणि काम करताना हातमोजे घाला. हे वाचून माझ्या ओळखीतल्या एकाने पंजाबातल्या बटाल्यात बनलेला साडेचार फुटी लेथ किलोच्या भावाने देऊन टाकला. चांगलं चालणारं मशीन होतं. मला ते फार लागलं, म्हणून हे लिहितोय.

शेवटच्या सल्ल्यापासून सुरू करतो, कारण त्यात बोटं जातात. फिरत्या चकजवळ (तुकडा पकडून फिरवणारा भाग) हातमोजे कधीच घालायचे नाहीत. कापड जॉबमध्ये (कापायच्या तुकड्यात) किंवा चिपेत (निघालेल्या कातणीत) अडकलं की ते फाटत नाही, हात आत ओढून नेतं. उघड्या हाताला ओरखडा पडेल, हातमोज्यातल्या हाताचं मनगट मोडेल. लांब बाह्या, अंगठी, गळ्यातली चेन यांचंही तेच. चिप हुकाने किंवा ब्रशने काढा, तीही मशीन थांबवून. चष्मा मात्र हवाच. हा मेसेज कोणी पुढे पाठवला तर निदान ही ओळ खोडून पाठवा.

आता बेड. झीज असते, ती मुख्यतः चकजवळच्या भागात, कारण बहुतेक काम तिथेच होतं. ओळखायची कशी? सॅडलची (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) जिब, म्हणजे तिचा ढिलेपणा घालवणारी पट्टी, चकजवळ नीट बसेल इतकी कसा आणि सॅडल टेलस्टॉककडे (चकसमोरच्या टोकाचा आधार) न्या. तिकडे ती घट्ट होत अडली, तर चकजवळ झीज आहे. पण झीज आहे म्हणजे जॉब बिघडणार, हे मुळात चूक आहे. समजा झिजेमुळे टूल सरळ खाली 0.1 मिमी उतरलं. 20 मिमी व्यासाच्या जॉबवर त्याने व्यासात फरक पडतो साधारण 0.001 मिमी, म्हणजे एक मायक्रॉन. टूल आडवं मागे सरकलं तर मात्र दुप्पट मार बसतो: 0.05 मिमी सरकलं की व्यास 0.1 मिमीने वाढला. त्यामुळे झीज डोळ्यांनी बघून काही कळत नाही, जॉब कापूनच कळतं.

त्यासाठी 25 मिमीचा बार चकमध्ये धरा, 150 मिमी बाहेर ठेवा, टेलस्टॉक लावू नका. मधला भाग थोडा खाली घ्या, म्हणजे दोन टोकांना दोन कॉलर (उंच कडी) उरतील. धारदार टूलने, क्रॉस स्लाइड (टूल आडवं सरकवणारा भाग) न हलवता, दोन्हींवर हलका कट घ्या आणि दोन्हींचा व्यास मायक्रोमीटरने मोजा. माझ्या लेथवर 0.06 मिमी फरक आला. मीही आधी झिजेवरच बोट ठेवलं होतं. निघालं वेगळंच: बेडला पीळ होता. टेलस्टॉककडच्या एका पायाखाली पातळ पत्रा सारला, पुन्हा कट घेतला, फरक 0.01 वर आला. त्या भंगारात गेलेल्या मशीनवर ही टेस्ट कोणी घेतली होती का? नाही.

हँडलचा खेळ तर अगदीच किरकोळ गोष्ट. अर्धा फेरा मोकळा फिरत असला तरी लेथवर नेहमी एकाच दिशेने येऊन आकडा घेतला की झालं. पुढे गेलात तर पूर्ण एक फेरा मागे या, मग पुन्हा पुढे. फार झालं तर क्रॉस स्लाइडचा नट गनमेटलमध्ये नवीन करून घ्या. खेळ खरा नडतो तो मिलिंगमध्ये (फिरत्या कटरने कापण्यात), कटर जॉबला स्वतःकडे ओढतो तेव्हा.

थ्री फेजचंही तसंच. घरच्या 230 व्होल्ट सिंगल फेजवर चालून थ्री फेज देणारे व्हीएफडी मिळतात. मोटरची पाटी वाचा: स्टार जोडणीत 415 व्होल्ट असेल, तर तीच मोटर डेल्टा जोडणीत (या वायरी जोडण्याच्या दोन पद्धती) 240 च्या आसपास चालते. बाहेर तीनच वायरी आल्या असतील, तर वाइंडिंगवाला आतला जोड सोडवून सहा काढून देतो. दोन गोष्टी सांभाळा. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामधला जुना रिव्हर्स स्विच काढून टाका. आणि चक आट्यांवर बसणारा असेल, तर झटक्यात ब्रेक लावू नका किंवा उलटं फिरवून कट घेऊ नका, चक सुटून बाहेर येतो.

मिनी लेथला माझा विरोध नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तोच योग्य. पण ‘खोक्यातून काढला की काम सुरू’ हे खरं नाही: आधी उघडा, धुवा, जिबा जुळवा, टेलस्टॉकची उंची तपासा. त्यातले प्लॅस्टिकचे गिअर जड कट घेतलात तर दात टाकतात.

जुना लेथ बघायला जाताना मॅग्नेटवाला डायल गेज, मायक्रोमीटर, धार लावलेलं टूल आणि 25 मिमीचा एक बार सोबत न्या. मालक मशीन चालू करून कट घेऊ देत नसेल, तर पैसे खिशातच ठेवून परत या.