गियर एकवीस, चढ एकच

सायकलच्या दुकानात शिरून “एमटीबी (म्हणजे माउंटन बाइक) दाखवा” म्हटलं की दुकानदार हात गोल फिरवतो. त्या फिरलेल्या हातात सगळं दुकान येतं. बाजूला दोन चाकं लावलेल्या बाळसायकली वगळल्या तर उरलेली प्रत्येक सायकल एमटीबीच. टायर जाड, रंग भडक आणि दांडीवर एखाद्या हिंस्र प्राण्याचं नाव, एवढ्या भांडवलावर आपल्याकडे कुठलीही सायकल डोंगरी ठरते. पुढे आयुष्यात तिला भेटणारा सगळ्यांत अवघड डोंगर म्हणजे सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प.

पण समजा, एखाद्याला खरंच टेकडीवर जायचंय. पुण्यातली वेताळ टेकडी घ्या. खाली मुरूम, त्यावर हरभऱ्यापासून लिंबापर्यंत सगळ्या मापाची सुटी खडी, मधूनच काळ्या दगडाची वीतभर पायरी, पावसाच्या पाण्यानं कोरलेली घळ, कडेला बाभळी आणि समोरून माकडटोपी घातलेले आजोबा. इथे कड्यावरून उड्या मारायच्या नाहीत, शर्यतही जिंकायची नाही. चढायचं, उतरायचं, सपाटीला जरा पाय मोकळे करायचे आणि जाता-येता चार-पाच किलोमीटर डांबरी रस्ता सोसायचा. या सगळ्याला पुरेल अशी एकच सायकल हवी. मागणी इतकी सरळ आहे की दुकानात ती कुणाच्याच डोक्यात शिरत नाही.

तिथे पहिला प्रश्न येतो, “कितीची देऊ? अठरा, एकवीस की चोवीस?” गियर आपल्याकडे जिलब्यांसारखे मोजतात. जितके जास्त तितका यजमान उदार. म्हणून मी म्हणतो, एकदा दाते मोजा. एकवीस गियरच्या नेहमीच्या सायकलीला पुढे ४२, ३४ आणि २४ दात्यांची तीन चक्रं असतात, मागे १४ ते २८ दात्यांची सात. आता ४२ ला २८ नं भागा, दीड. २४ ला १६ नं भागा, पुन्हा दीड. म्हणजे दोन गियरचे पैसे दिले आणि मिळाला एक. असे जुळे त्या एकवीसांत आणखीही आहेत. काही जोड्यांत चेन इतकी तिरपी होते की ते गियर वापरूच नयेत असं ठरलेलं आहे.

याच्याशेजारी पुढे ३२ दात्यांचं एकच चक्र आणि मागे ११ ते ५१ अशी अकरा चक्रं असलेली सायकल ठेवा. सगळ्यांत हलक्या गियरला, २९ इंची चाकावर, पेडलच्या एका फेऱ्यात ती साधारण १.४५ मीटर पुढे जाते. २७.५ इंची चाकाची एकवीसवाली तिच्या सगळ्यांत हलक्या गियरलाही १.८५ मीटर ओढायला लावते. खड्या चढावर हे चाळीस सेंटिमीटर मांड्यांना बरोबर कळतात. बरं, वेगाच्या टोकाला तरी एकवीसवाली जिंकते का? तिथेही फेऱ्याला तिचे ६.४५ मीटर आणि अकरावालीचे ६.७. दोन्ही टोकांना अकरा सरस, आणि पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा), त्याची केबल, हँडलवरचा डावा शिफ्टर (गियर बदलायचा खटका) ही तीन दुखणी मुळातच नाहीत. इतकं सगळं सांगून झाल्यावर दुकानदार सहानुभूतीनं म्हणतो, “पण साहेब, त्यात गियर कमी आहेत.”

मग येतो शॉकअप. दुकानातला पोरगा डबल शॉकअपच्या सीटवर दोन्ही हातांनी दाबतो, सीट खाली जाते, वर येते आणि तो आपल्याकडे असा बघतो की जणू आत्ताच त्यानं गाय दुभती असल्याचं सिद्ध केलं. स्वस्तातल्या डबल शॉकअपमध्ये मागे असते नुसती स्प्रिंग. तिचं परतणं आवरायला आत तेल नसतं. त्यामुळे चढावर प्रत्येक पेडलला आपली थोडी ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते आणि उतारावर तीच स्प्रिंग दगडागणिक आपल्याला सीटवरून उडवते. वर्षभरात मागच्या सांध्यांचे बुश झिजतात, शेपूट डुलायला लागते. वजन अठरा-एकोणीस किलो. स्वयंपाकाच्या गॅसचं रिकामं सिलिंडर याहून हलकं असतं आणि त्याला कुणी टेकडीवर नेत नाही. खरी, कामाची डबल शॉकअप मिळते, पण तेवढ्या पैशांत चालू स्थितीतली जुनी चारचाकी येते. म्हणून आपल्या मापाचं उत्तर हार्डटेल: पुढे शॉकअप, मागे नुसती फ्रेम आणि आपले गुडघे.

पुढचा शॉकअप मात्र दुकानात तपासता येतो. पुढचा ब्रेक घट्ट दाबून धरा, हँडलवर अंगाचा भार टाका आणि सोडा. ‘ठक्’ आवाज करून टणकन परत आला तर आत स्प्रिंग आणि रबराच्या गुटक्याखेरीज फारसं काही नाही. हळू, दमादमानं वर आला तर आत तेलाचं काम चालू आहे. शॉकअपच्या उजव्या पायाच्या तळाशी बहुधा लाल रंगाची फिरकीही सापडेल, ती परतण्याचा वेग ठरवते. आत सरकणाऱ्या चकचकीत नळ्यांची जाडी विचारा. २८ किंवा ३० मिलिमीटर म्हणजे रस्त्याचे खड्डे. ३२ पासून पुढे टेकडी. प्रवास म्हणजे दबण्याची लांबी, ती १२० ते १४० मिलिमीटर पुरते. स्प्रिंगवाल्यापेक्षा हवेचा शॉकअप घ्यावा, कारण कारखान्यातली स्प्रिंग एका ठरावीक वजनाच्या माणसासाठी असते आणि तो माणूस आपण नसतो. पन्नास किलोच्या माणसाखाली ती हलत नाही, नव्वद किलोच्या माणसाखाली ती बसते ती उठत नाही. हवेचा शॉकअप आपल्या वजनाप्रमाणे भरता येतो: नळीवर रबराची रिंग असते ती खाली सरकवा, सायकलवर अलगद चढून उभे राहा, अलगद उतरा. १२० च्या शॉकअपवर रिंग २५ ते ३० मिलिमीटर वर गेली की हवा बरोबर. कमी गेली तर हवा काढा, जास्त गेली तर भरा. त्यासाठी शॉकअपचा वेगळा छोटा पंप लागतो. नेहमीच्या पंपाचा तिथे उपयोग नाही. आत हवा थोडी आणि दाब मोठा, पंप काढेपर्यंत निम्मी निघून जाते.

“शॉकअपचं एवढं काय, नंतर बदलता येतो,” हे दुकानातलं सगळ्यांत महागडं वाक्य.

फ्लॅट घेताना आपण हुशार असतो. स्विमिंग पूल, क्लब हाऊस बघून घेतो, मान डोलावतो आणि मग हळूच विचारतो, “कार्पेट एरिया किती?” सायकलला हा प्रश्न कुणी विचारत नाही. सायकलचा कार्पेट एरिया फ्रेममध्ये असतो. हँडलची नळी जिथून फ्रेममध्ये शिरते तो मानेचा भाग बघा. वर-खाली सारखाच बारीक असेल तर वाईट. खाली रुंद होत गेलेला असेल तर चांगला. आजचे बहुतेक चांगले शॉकअप वर सव्वा इंचाच्या आत आणि खाली दीड इंच अशा निमुळत्या दांड्याचे येतात, ते बारीक मानेत जात नाहीत. समजा मान रुंद निघाली. नव्या शॉकअपला चाक अडकवायला १५ मिलिमीटरचा आरपार अॅक्सल असतो आणि आपल्या जुन्या चाकाला ९ मिलिमीटरचा, खटका लावायचा. म्हणजे पुढचं हबही, चाकाचा मधला तुंबा, नवं, हब नवं म्हणजे आरे काढून चाक पुन्हा बांधणं आलं. नळ बदलायला गेलं आणि बाथरूमची भिंत फोडून बसलं, तशातली गत. शिवाय १०० मिलिमीटर प्रवासाच्या शॉकअपसाठी बनवलेल्या फ्रेमला हौसेनं १४० चा शॉकअप लावला तर हँडल उचललं जातं, मानेचा जमिनीशी असलेला कोन साधारण दोन अंशांनी झोपतो आणि कंपनी वॉरंटीवर हात वर करते.

मागच्या चाकातही असाच एक चोर असतो. मागे सात चक्रं असलेल्या सायकलींना बहुधा फ्रीव्हील असतं, म्हणजे चक्रांचा गठ्ठा हबवर आट्यांनी चढवतात. त्यात उजवीकडचं बेअरिंग बरंच आत राहतं आणि अॅक्सलचं टोक आधाराविना बाहेर लोंबतं. पायरीवरून चार वेळा धाडकन उतरलात की अॅक्सल वाकतो. मग चाक डुगडुगतं, आपण दर आठवड्याला आऊट काढायला जातो आणि मेकॅनिक निमूट आऊट काढून देतो. त्याचंही घर आहे. कॅसेटवालं हब असेल, म्हणजे चक्रांचा गठ्ठा आट्यांऐवजी खाचांवर सरकवून बसवलेला, तर बेअरिंग टोकाशी असतं आणि हा प्रकार होत नाही. नंतर अकरा गियर बसवायचे म्हटलं तरी वाट मोकळी राहते.

मानेचा कोन कंपनीच्या तक्त्यात असतो. ६५ ते ६७ अंश म्हणजे पुढचं चाक आपल्यापासून पुरेसं लांब. उतारावर घळीत अडकलं तरी आपण हँडलवरून दंडवत घालत नाही. ७०-७१ अंशांची सायकल चढावर चपळ, उतारावर मात्र खोडसाळ. त्याच तक्त्यात ‘रीच’ नावाचा आकडा आहे, उभं राहून चालवताना हँडल किती लांब पडेल तो. पाच फूट सातच्या माणसाला ४३० ते ४५० मिलिमीटर ठीक. दुकानात मात्र माप घेतात ते दांडीवर टांग टाकून: “टेकतायत ना पाय? मग झालं.” पाय टेकणं हे थांबलेल्या सायकलचं माप आहे. आणखी एक कलम मॅन्युअलच्या बारीक अक्षरांत असतं. बऱ्याच कंपन्या सायकलींची वर्गवारी देतात: दुसऱ्या वर्गात चाक जमिनीपासून १५ सेंटिमीटरपर्यंत सुटलेलं चालतं, तिसऱ्यात ६१ पर्यंत. आपल्याला तिसरा वर्ग हवा. भडक रंगाच्या कित्येक वाघ-सिंहांची जात मॅन्युअलमध्ये दुसरीच निघते.

ब्रेकच्या बाबतीत तरी इतिहासानं आपल्यावर उपकार केलेत. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत २१ ऑक्टोबर १९७६ ला काही उचापती पोरांनी जुन्या, वजनदार सायकली घेऊन एका कच्च्या वाटेवर उताराची शर्यत लावली. साधारण ४०० मीटरची उतरण आणि ब्रेक मागच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबून लागणारे. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं ‘रीपॅक’. पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या जो ब्रीझ यानं खास या कामासाठी फ्रेम बांधली आणि माउंटन बाइकचं घराणं सुरू झालं. आज आपल्याला तेलाचे डिस्क ब्रेक मिळतात. पुढे १८० मिलिमीटरची तबकडी, मागे १६० ची चालते. नव्या ब्रेकना पंधरा-वीस वेळा वेग घेऊन, चाक लॉक न करता दाबत आणावं लागतं, तोवर ते नीट धरत नाहीत. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नये. पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत जात नाही. घरातली लहान मुलं हे हटकून करतात. मोठी माणसं वेगळं करतात: ब्रेक कुईं वाजला की प्रेमानं तबकडीवर तेलाचा फवारा मारतात. आवाज जातो. ब्रेकही जातो. पॅड तेल पिऊन बसतात, ते टाकूनच द्यावे लागतात.

टायरवर फार वाद घालू नये. २.३ ते २.४ इंच रुंद, पुढचा जास्त दातेरी. चिखलासाठी टायर आणि फ्रेम यांत बोटभर फट हवीच, नाहीतर जुलैत काळी माती चाकाला अशी धरते की सायकल खांद्यावरून आणावी लागते. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेलं चाक, मात्र पहिल्या दिवसापासून करून घ्यावं, कारण आपल्याकडे बाभळीचा काटा हा पंक्चरचा स्थायी सभासद आहे. रिमला टेप, नवा व्हॉल्व्ह आणि प्रत्येक चाकात साधारण १०० मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव. काटा घुसला तर लगेच उपटू नका, उपटलाच तर भोक खाली करून चाक फिरवा, द्रव आपोआप बुजवतो. आपल्या उन्हात तो दोन-तीन महिन्यांत आटतो. मग टायरच्या आत एक रबरी जाळं सापडतं आणि टेकडीच्या माथ्यावर हवा जाते.

हवेचा आकडा सांगितला की लोक दचकतात. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये पुढे २२-२३, मागे २५-२६ पीएसआय. वाटेतला प्रत्येक वडीलधारा अंगठ्यानं टायर दाबून “हवा कमी आहे” सांगेल. त्याचं ऐकून चाळीस भरलेत तर मुरमावरची पकड गेली आणि खडीवर दात वाजले.

भरणार तरी कुठे म्हणा. या सायकलींचा व्हॉल्व्ह बारीक नळीचा असतो, टोकाला इवलासा नट. पेट्रोल पंपावरचा मुलगा नळी लावून बघतो, फुस्स होतं, तो म्हणतो, “यात जात नाही हवा.” त्यावर पितळेचं नखाएवढं अॅडॅप्टर मिळतं, नट सैल करून वर फिरवायचं, मग पंपाची नळी बसते. सायकलच्या सगळ्या खर्चात एवढं स्वस्त दुसरं काही नाही आणि पहिल्या आठवड्यात ते हरवतं. दोन घ्या. एक किल्ल्यांच्या जुडग्यात, एक सीटखालच्या पिशवीत.