आमच्या चाळीचं माप कुणी घेतलंच नाही

परवा लेकीने कागद-पेन्सिल समोर ठेवली आणि म्हणाली, "आई, तुझी चाळ कशी होती ते काढून दाखव." शाळेत 'माझं घर, माझ्या आईचं घर' असं काहीतरी करायचं होतं. मी बसले काढायला. चौकोन काढला, तीन मजले काढले, गॅलरीची रेघ ओढली आणि जिन्यापाशी अडकले. पायऱ्या किती होत्या? मी सोळा म्हटलं. आईला फोन केला, ती अठरा म्हणाली. दादाला चौदाच आठवतात. एकतीस वर्षं मी त्या जिन्यावरून चढले-उतरले आहे. दुधाची पिशवी घेऊन, भावाच्या मुंजीत ताटं घेऊन, बाबांना शेवटचं खाली नेताना त्यांच्या मागून.

फोटो काढून बसले. आरतीचे आहेत, ताईच्या हळदीचे आहेत, दिवाळीत कंदील लावतानाचे आहेत. सगळ्यांत माणसं पुढे आणि चाळ मागे, अर्धीमुर्धी. कुठे खांबाचा तुकडा, कुठे कठड्याचे चार गज. खांबाच्या डोक्याशी लाकडी घोडे, म्हणजे वरचा भार पेलणारे तिरके आधार होते, त्यांवर पानांची नक्षी होती, ती एकाही फोटोत नीट दिसत नाही. २०१४ मध्ये आम्ही खोल्या रिकाम्या केल्या आणि पुढच्या तीन आठवड्यांत चाळ जमिनीला लागली. सागवान टेम्पोत भरून गेलं. पाडण्याआधी तिचं माप घ्यावं, नकाशा काढावा, दर्शनी बाजूचे चार धड फोटो काढावेत, असं कुणाच्याही मनात आलं नाही. आमच्याही नाही. आम्हाला नव्या घराची घाई होती.

ही घाई मला नाकारायची नाही. आज मी त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या बावीस मजली इमारतीत राहते. तीनशे चौरस फूट, स्वतःचा संडास, स्वतःचा नळ, आईसाठी लिफ्ट. पहाटे डबा घेऊन गॅलरीच्या टोकाला रांगेत उभं राहिलेल्या बाईला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. म्हणून जुन्या इमारतींविषयी बोलताना "चाळीतलं जीवन किती छान" असलं काही मी लिहिणार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारची हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. आमच्या चाळीलाही शेवटची सहा वर्षं टेकू होते. पावसाळ्यात रात्री लाकूड करकरलं की आई उठून बसायची.

तरीही सांगायचं आहे ते वेगळंच.

आमच्या समोर एक घर आहे. एकमजली, कौलारू, बाहेरून जिना, पुढे लाकडी व्हरांडा. गिरगावात फिरलेल्यांना, खोताचीवाडीतून एकदा तरी विठ्ठलभाई पटेल रोडकडे बाहेर पडलेल्यांना, हा घराचा प्रकार लगेच डोळ्यांसमोर येईल. घर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबाचं. आंटी आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचं घर वारसा यादीत आहे, तिसऱ्या श्रेणीत. आमची चाळ यादीत नव्हती. मध्ये दहा-बारा फुटांची गल्ली.

नियमाने त्या घराचं रक्षण केलं. एक वीटही हलली नाही. पण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत त्या व्हरांड्यात आता ऊन येत नाही, कारण समोर आम्ही बावीस मजले उभे आहोत. आमच्या पार्किंगचे तीन मजले आंटींच्या खिडकीसमोर येतात. पूर्वी त्या खिडकीतून त्या आमच्या आजीशी बोलायच्या. आता समोर काँक्रीटची जाळी आहे आणि तिच्यामागे गाड्या. घर उभं आहे आणि गल्ली गेली. कुणीही नियम मोडला नाही. मला झोपू न देणारी गोष्ट हीच आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुंबईत १९९५ मध्ये वारसा इमारतींसाठी विकास नियंत्रण नियमावलीत नियम ६७ आला. शहराच्या पातळीवर असा नियम करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर. २०३४ च्या विकास आराखड्यासोबत आलेल्या नियमावलीत तोच विषय नियम ५२ मध्ये आहे. यादीतल्या इमारतींच्या श्रेणी असतात. पहिलीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू, तिथे इमारत टिकवण्यापुरतंच काम करता येतं. दुसरीचे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग, आत बदल चालतात, बाहेरून जपून. तिसरी श्रेणी गल्लीचं, वस्तीचं रूप घडवणाऱ्या इमारतींची. तिथे आतबाहेर बदल, वाढीव बांधकाम बऱ्यापैकी चालतं. प्रकरणं मुंबई वारसा जतन समितीकडे जातात, आपण सगळे तिला हेरिटेज कमिटी म्हणतो. त्यात वास्तुविशारद, संरचना अभियंते, इतिहासाचे जाणकार असतात. समिती सल्ला देते आणि अंतिम निर्णय महापालिका आयुक्तांचा असतो. अपवादात्मक प्रकरणी आयुक्त समितीचा सल्ला बाजूला ठेवू शकतात, मात्र कारणं लेखी नोंदवावी लागतात.

नियमाचे शब्द वाचले तर तो कडक वाटतो. यादीतल्या इमारतीची दुरुस्ती, गिलावा, वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणं, इतकंच काय रंगकामालासुद्धा आधी परवानगी हवी. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं होतं. मग आंटींची खिडकी आठवली. त्यांच्या दर्शनी खिडकीची चौकट वाळवीने खाल्ली आहे. परवानगीसाठी वास्तुविशारद गाठायचा, नकाशे करायचे, फोटो लावायचे. त्याची फी खिडकीच्या खर्चापेक्षा जास्त. त्यांनी अर्जच केला नाही. चौकटीला प्लास्टिकचा कागद ठोकला आहे, दोन पावसाळे झाले. समितीपुढे ही खिडकी कधी आलीच नाही, त्यामुळे समितीने तिला नाही म्हटलेलं नाही की हो म्हटलेलं नाही. ती अशीच कुजत राहणार आणि एक दिवस पडणार.

आणि दुसऱ्या टोकाला पाहा. १९९९ मध्ये नियमात बदल झाला आणि तिसऱ्या श्रेणीतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाडेकरूंच्या, ज्यांना आपण सेस बिल्डिंग म्हणतो, त्या इमारतींच्या पुनर्विकासाला समितीच्या छाननीतून मोठी सवलत मिळाली. का मिळाली ते मला कळतं. जीर्ण इमारती, गोठलेली भाडी, दुरुस्तीला पैसा नाही, माणसं मरतायत, काम अडता कामा नये. पण त्याचा अर्थ असा झाला की ज्या श्रेणीत आपल्या गल्ल्या, वाड्या, चाळी येतात तिथेच सगळ्यात मोठ्या बदलाला सगळ्यात कमी प्रश्न विचारले जातात. खिडकीला परवानगी हवी. खिडकीसमोरच्या बावीस मजल्यांनी खिडकीचं काय होईल, हे मात्र कुणी विचारायचं?

याचं मूळ मला एका गोष्टीत दिसतं. आपण इमारत मोजतो, गल्ली मोजत नाही.

नियमात 'परिसर' ही कल्पना आहे, नाही असं नाही. हेरिटेज प्रिसिंक्ट म्हणतात ते. २०१२ मध्ये महापालिकेने जी वाढीव यादी प्रसिद्ध केली तिच्यात ९४८ नोंदी होत्या आणि त्यात असे परिसरही होते. शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी केवढा विरोध केला होता ते अनेकांना आठवत असेल. आमच्याकडेही लोक धास्तावले होते. चाळीच्या मिटिंगमध्ये माझे बाबा उभे राहून म्हणाले होते, "यादीत नाव आलं की चाळ अडकली. मग पडेपर्यंत टेकू मोजत बसा." सगळ्यांनी मान डोलावली. मीसुद्धा. बाबा चुकीचे नव्हते. यादीत येण्याचा अर्थ त्यांच्यापुढे एवढाच मांडला गेला होता की हे करू नका, ते करू नका. दुरुस्तीला पैसे कोण देणार, किती दिवसांत उत्तर येणार, नवं बांधायचं तर कसं बांधता येईल, यावर कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. भाडेकरूला विकत घ्यायला काही नसतं, विकायला काही नसतं. त्याला फक्त वाट पाहायची असते, आणि यादी म्हणजे आणखी वाट पाहणं एवढंच त्याला दिसतं. मालकाला नियमात टीडीआरची, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची सोय आहे, पण तिसऱ्या मजल्यावरच्या पागडी देऊन राहणाऱ्या भाडेकरूच्या हातात त्यातलं काय येतं?

याच शहरात उलटं उदाहरणही आहे. २०१८ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको शैलींतल्या इमारतींना जागतिक वारसा दर्जा मिळाला. तो कुठल्या एका इमारतीला नाही मिळाला, समूहाला मिळाला. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला हायकोर्ट आणि विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला डेको इमारतींची रांग, मध्ये मोकळं मैदान. तिथली एकच डेको इमारत काढून तिथे तीस मजले उभे केले तर बाकीच्यांना धक्का न लावताही सगळं संपेल, हे तिथे सगळ्यांना कळलं. तिथल्या रहिवासी संघटना त्यासाठी वर्षानुवर्षं झटल्या. आम्ही गिरगावकर झटलो नाही, हे मान्य. पण आमच्याकडे वेळ, वकील आणि इंग्रजी यांपैकी काय होतं? गल्लीचं रूप जपण्याचा हक्क मैदानासमोर राहणाऱ्यांचाच असावा का?

माझा मावसभाऊ ब्रुकलिनला राहतो. त्याचं घर अशाच जुन्या वस्तीत आहे आणि तिथे न्यूयॉर्कचा वारसा आयोग आहे, १९६५ च्या कायद्याने आलेला. तिथलं पेन स्टेशन हे जुनं भव्य रेल्वे स्थानक पाडल्याची हळहळ त्या कायद्यामागे होती. खिडक्या बदलायच्या म्हणून त्याने अर्ज केला. अशा छोट्या कामांना आयोगापुढे जावं लागत नाही, नियम ठरलेले आहेत आणि कर्मचारी पातळीवरच परवाना मिळतो. मोठा बदल असेल तर मात्र जाहीर सुनावणी होते आणि तिथे शेजारी उठून बोलू शकतात. तिकडेही भांडणं आहेत, तो सांगतो ना, पैसेवाल्यांचीच वस्ती होत चालल्याची तक्रार आहे. पण तराजू तरी सरळ धरलाय. छोट्याला छोटी छाननी, मोठ्याला मोठी. आपल्याकडे समोरच्या घरातल्या माणसाला बोलावलंच पाहिजे असं बंधन नाही.

मला समिती नको आहे असं समजू नका. ती नसती तर दक्षिण मुंबईचं काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही. मला ती अधिक हवी आहे, पण गल्लीत हवी आहे. आंटींच्या खिडकीसाठी वॉर्ड ऑफिसात एक माणूस असावा, त्याच्याकडे सागवानाच्या खिडकीचे चार-पाच ठरलेले नकाशे असावेत, काम जमणाऱ्या सुतारांची नावं असावीत आणि पंधरा दिवसांत हो म्हणायचा अधिकार असावा. आणि यादीतल्या घराला लागून किंवा त्याच्या समोर टॉवर येणार असेल, तर टॉवरची जमीन यादीत असो वा नसो, फाइल अगदी पहिल्या टप्प्यात समितीपुढे जावी. टॉवर नको म्हणण्यासाठी नाही. आमची घरं आम्हाला मिळालीच पाहिजेत. पण खालचे तीन मजले गाड्यांना द्यायचे की गल्लीकडे तोंड करून दुकानं आणि खोल्या ठेवायच्या, उंच भाग गल्लीपासून मागे ढकलता येतो का, हे प्रश्न नकाशा कागदावर असतानाच विचारता येतात. खांब उभे राहिल्यावर विचारून उपयोग नसतो. आमच्या इमारतीत असं करता आलं असतं, कारण मागच्या बाजूला जागा होती. मला रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती जागा दिसते. तिथे जनरेटर आहे.

आयुक्तांनी समितीचा सल्ला डावलला तर त्याची कारणं लेखी असतातच. ती गल्लीच्या तोंडाशी मराठीत लावा. पाणी कधी येणार याची नोटीस लागते, तशी ही लागावी.

आणि माप. यादीत असो-नसो, साठ-सत्तर वर्षांपेक्षा जुनी कोणतीही चाळ पाडायची तर आधी तिचा मोजून नकाशा, जिन्याचा आणि खांबांचा तपशील, चारी बाजूंचे फोटो हे पाडकामाच्या परवानगीसोबत सक्तीचं करा. एका चाळीला दोन दिवसांचं काम आहे. वास्तुकलेची मुलं आनंदाने करतील. चाळ राहणार नाही हे मला कळतं. पण तिच्या जिन्याला किती पायऱ्या होत्या हे सांगायला तीन माणसांची तीन उत्तरं लागू नयेत.

आमच्या मागच्या वाडीतल्या दोन चाळींना खोल्या रिकाम्या करायच्या नोटिसा लागल्या आहेत. पावसाळ्याआधी जातील. या रविवारी सकाळी आठ वाजता मी तिथे जाणार आहे. रहिवाशांशी बोलले आहे, त्यांची हरकत नाही, एका काकूंनी तर पोह्यांचं आमंत्रण दिलं आहे. दोन मोजपट्ट्या आहेत, शिडी वाडीतच मिळेल. वास्तुकलेचे विद्यार्थी, बरा कॅमेरा असलेलं कुणी किंवा नुसती वही धरून आकडे लिहून घेणारं कुणी हवं आहे. मला मेसेज करा, पत्ता कळवते. लेकही येणार आहे. तिने आत्ताच सांगून ठेवलंय, जिना ती मोजणार.