शापित म्हणे सेगेद!

हंगेरीतल्या सेगेद शहराबद्दलचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. आत्याचा नातू तिथे शिकायला जायचाय, म्हणून चार हितचिंतकांनी तो आठवणीने तिलाच पाठवला. आता ती म्हणते, तिकीट काढू नका. म्हणून हा खटाटोप.

मेसेजचं पहिलं वाक्य: ‘1879 मध्ये तिसा नदी कोपली आणि एका रात्रीत सत्तर हजार माणसांसह शहर गडप झालं. ती भूमी शापित आहे.’

आधी आकडा. सत्तर हजार ही शहराची वस्ती होती. मेले दीडशेच्या आसपास. आता ‘एका रात्रीत’. शहराच्या वरच्या अंगाला पेत्रेशचा बांध फुटला 5 मार्चला. पुढचा आठवडा लोक रेल्वेच्या भरावावर माती टाकून पाणी अडवत होते. 11 मार्चच्या रात्री तो भरावही गेला. 5723 घरांपैकी 265 उरली, कारण बहुतेक घरं कच्च्या विटांची. भिजली की बसली!

आणि नदी कोपली म्हणजे काय? 1846 पासून तिची वळणं कापून तिला सरळ करायचं काम चालू होतं. मैलोन्‌मैल पसरणारं पाणी दोन बांधांमध्ये कोंडलं, तर ते चढणारच. तिथल्या पूरमापकावर 1879 ची नोंद आहे 806 सेंटीमीटर, 2006 ची 1009. दोन मीटर जास्त पाणी आलं, तरी शहर बुडालं नाही. शाप काय मधल्या काळात उठला? पुरानंतर शहराभोवती गोल बांध घातला, जमिनीत भर घालून ती उंच केली, म्हणून वाचलं. आत्याला मी एवढे दोनच आकडे लिहून दिलेत.

‘युरोपच्या राजधान्यांनी एकेक भाग बांधून दिला.’ मदत आली होती, हे कबूल. मोठ्या वर्तुळाकार रस्त्याच्या तुकड्यांना रोम, पॅरिस, लंडन, मॉस्को अशी नावं आहेत, तीही त्या उपकाराची आठवण म्हणूनच. पण आराखडा लायोश लेखनेर या हंगेरियन इंजिनिअरचा, आणि कामावर देखरेख राजाने नेमलेल्या लायोश तिसा यांची. पॅरिसहून कोणी गवंडी आले नव्हते.

‘पुराआधी ते साधं खेडं होतं.’ 1498 मध्येच त्याला राजाकडून स्वतंत्र शहराचा दर्जा मिळाला होता. पुढे.

शेवटी ‘बायकोने वाढलेली मिरची नको म्हणून शास्त्रज्ञ उठला आणि क जीवनसत्त्वाचा शोध लागला’. ही गोष्ट तो शास्त्रज्ञ, म्हणजे अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी, स्वतःच सांगायचे, त्यामुळे पूर्ण खोटी म्हणता येत नाही. फक्त ते जीवनसत्त्व त्यांनी आधीच, परदेशात असताना, प्राण्यांच्या ग्रंथींमधून वेगळं काढलं होतं, तेही चिमूटभर. सेगेदच्या पॅप्रिकाने, म्हणजे त्याच मिरचीने, ते किलोच्या हिशेबात दिलं. 1937 चं नोबेल मिळालं ते त्या सगळ्या कामाला. त्यात जेवण टाळण्याचा वाटा फार तर एका संध्याकाळचा.